१८ मीटरचा रस्ता कडेपासून कसा आखायचा: सगळ्यांच्या वापराच्या रस्त्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

शहरातला रस्ता आखताना आपल्याकडे सुरुवात हमखास मधून होते. आधी दुभाजकाची रेघ, मग दोन्ही बाजूंना गाड्यांच्या लेन, आणि कडेला जे काही उरेल त्यात फुटपाथ, पावसाळी गटार, झाडं, विजेचे खांब, डीपी बॉक्स (वीजजोडणीच्या पेट्या), बसथांबा आणि चहाची टपरी. एवढं सगळं त्या उरलेल्या पट्टीत मावत नाही. मग माणसं डांबरावरून चालतात आणि आपण ‘लोकांना शिस्तच नाही’ म्हणायला मोकळे होतो.

या लेखात उलट क्रमाने जाऊ. आधी कडा, मग चौक, आणि गाड्यांना उरलेली जागा. उदाहरणाला घेतलाय विकास आराखड्यातला १८ मीटरचा रस्ता, कारण पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही उपनगरात तो सापडतो. खाली दुकानं, वर सदनिका, एखादी शाळा, दोन-तीन बसथांबे. सोसायटीचे पदाधिकारी, वॉर्डातले कार्यकर्ते आणि छोट्या नगरपालिकेतले कनिष्ठ अभियंते यांना समोर ठेवून हे लिहिलंय.

हा क्रम उलटा का घ्यायचा, ते केंद्र सरकारच्याच आकड्यांतून दिसतं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, आणि दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून जास्त. म्हणजे मेलेल्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघे पायी तरी होते किंवा दुचाकीवर तरी. कारचा विचार करून आखलेल्या रस्त्यावर मरतात ती बहुतेक कारबाहेरची माणसं.

पहिली पायरी: टेप, वही आणि मोजणी

नकाशावर १८ मीटर लिहिलंय म्हणून जागेवर १८ मीटर असतीलच असं नाही. कुठे जुन्या बंगल्याची भिंत पुढे आलेली असते, कुठे जागा अजून पालिकेच्या ताब्यातच नसते, कुठे दुकानदाराने दोन पायऱ्या बाहेर काढलेल्या असतात. दर २०-२५ मीटरवर भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावा आणि आकडे लिहून काढा. दोघांना एका सकाळी अर्धा किलोमीटर सहज होतो. हे आकडे पुढे सोन्याच्या मोलाचे ठरतात, कारण सल्लागार कंपनीचा नकाशा अनेकदा उपग्रहचित्रावरून काढलेला असतो आणि त्यात ओटे-पायऱ्या दिसत नाहीत.

मग मोजणी. वाहतूक अभियंते गाड्या ‘पीसीयू’ या एककात मोजतात: कार म्हणजे एक, बस म्हणजे दोन-तीन, दुचाकी म्हणजे अर्धी. यात पायी चालणारा शून्य, आणि ५० माणसांनी भरलेली बस तीन कारच्या बरोबरीची. आपण गाड्या मोजायच्याच नाहीत, माणसं मोजायची. सकाळी कामाला जायच्या वेळी, शाळा सुटताना, संध्याकाळी बाजाराच्या वेळी आणि रात्री साडेनऊला, प्रत्येक वेळी १५ मिनिटं. बसमध्ये अंदाजे किती, रिक्षात किती, दुचाकीवर किती, पायी किती. ही वही घेऊन बैठकीला गेलात की ‘इथे चालतंच कोण’ हा प्रश्न पुन्हा निघत नाही.

त्याच वहीत लोक कुठून रस्ता ओलांडतात ते टिंबांनी दाखवा. टिंबांचे पुंजके झेब्रापाशी नसतात. ते दिसतात शाळेच्या फाटकासमोर, औषधाच्या दुकानासमोर, बसथांब्यावरून समोरच्या गल्लीत शिरताना. क्रॉसिंग तिथेच द्यायचं. माणसं वळसा घालून ७० मीटर पुढे जात नाहीत, आणि रेलिंग लावलं तरी एखादा गज वाकवून वाट करतात.

दोन गोष्टी कागदावर येत नाहीत, म्हणून त्या मुद्दाम पाहायच्या. एक, जुलैत पाणी कुठे साचतं. दोन, रात्री फुटपाथवर उजेड पडतो का. आपले खांब नऊ-दहा मीटर उंच आणि दिव्याचं तोंड डांबराकडे. फुटपाथ झाडाच्या सावलीत काळाकुट्ट. एकटीने घरी परतणारी मुलगी त्या अंधारातून न जाता रस्त्याच्या कडेने, उजेडातून चालते. तिला फुटपाथवर आणायचं तर चार-साडेचार मीटर उंचीचे, फांद्यांच्या खालून उजेड देणारे दिवे वेगळे लागतात.

आणि एक फेरी अशा माणसाबरोबर मारा जो व्हीलचेअर किंवा पांढरी काठी वापरतो. ते जमत नसेल तर बाबागाडी घेऊन तरी चाला.

दुसरी पायरी: जमिनीखाली काय आहे

हे कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक चांगले रस्ते इथेच नासतात. पाण्याची लाइन, ड्रेनेज, पावसाळी गटार, महावितरणची केबल, गॅस, इंटरनेटची वायर. प्रत्येक खात्याला पुढच्या पाच वर्षांत इथे खोदायचं आहे का, हे लेखी विचारा. फरसबंदी होऊन तीन महिने झाले की कुणीतरी चर खणायला येतोच, आणि नंतर बसवलेली फरशी कधीच पहिल्यासारखी बसत नाही. फुटपाथखाली रिकामे डक्ट, म्हणजे पोकळ नळ्या, टाकून ठेवले, दर ठराविक अंतरावर चेंबर दिले, की नवी केबल खोदाईशिवाय ओढता येते. खर्च थोडा वाढतो. पुन्हापुन्हा खोदण्याचा खर्च त्याहून बराच जास्त असतो, फक्त तो वेगळ्या खात्याच्या वहीत पडतो.

तिसरी पायरी: छेद काढा, कडेपासून

छेद म्हणजे रस्ता आडवा कापला तर दिसणारं चित्र. आता कागदावर १८ मीटरची आडवी रेघ मारा. डाव्या टोकाला कंपाउंडची भिंत किंवा दुकानाचं शटर.

पहिला अर्धा मीटर सोडून द्या. दुकानाच्या काचेला, भिंतीला, पायरीला चिकटून कोणी चालत नाही; तिथे गिऱ्हाईक उभं असतं, शटर उघडतं, बाहेर काढलेली चपलांची रॅक असते.

पुढचे २.५ मीटर निव्वळ चालण्यासाठी. या पट्ट्यात काहीही नको: खांब नको, झाड नको, कचऱ्याची कुंडी नको, नगरसेवकाच्या नावाचं बाकडंही नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, राहत्या भागात किमान १.८ मीटर आणि बाजाराच्या भागात २.५ मीटर मोकळी रुंदी सांगितलेली आहे. १.८ हा आकडा हवेतून आलेला नाही. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जायला साधारण तेवढी जागा लागते. वरही किमान २.२ मीटर मोकळं हवं. दुकानाचा बोर्ड आणि लोंबणारी फांदी यांत डोकं आपटतं ते उंच माणसाचं आणि दृष्टिहीन माणसाचं.

त्यानंतरचे २.५ मीटर बहुउपयोगी पट्टा. झाडं, दिव्याचे खांब, डीपी बॉक्स, बसथांबा, पथारीवाले, रिक्षा स्टँड, दुचाकी-चारचाकींचं पार्किंग, बाकडी, सगळं इथे. एका कारच्या जागेत पाच-सहा दुचाकी बसतात, हे लक्षात ठेवून वाटणी करा.

झाली एक बाजू: ०.५, २.५ आणि २.५, मिळून ५.५ मीटर. तशीच दुसरी. एकूण ११. उरले ७ मीटर, म्हणजे साडेतीन मीटरच्या दोन लेन, एक जाणारी आणि एक येणारी.

इथे बैठकीत आवाज चढतो. ‘चार लेनचा रस्ता तुम्ही दोन लेनचा करताय!’ त्या क्षणी आपली मोजणीची वही उघडायची. आज तिथे कर्बपासून कर्बपर्यंत, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडापासून समोरच्या तशाच दगडापर्यंत, समजा १२ मीटर आहेत. डाव्या कडेला कार उभ्या, उजव्या कडेला दुचाकी आडव्या लावलेल्या, मध्ये भाजीची गाडी, तिच्यामागे वाट पाहणारी रिक्षा. दोन्हीकडचे अडीच-अडीच मीटर असे जातात. वाहत्या गाड्यांना मिळतात ते सातच मीटर. आपण सातच ठेवतोय, फक्त आता ते कुठे आहेत हे सगळ्यांना कळेल. रस्त्याची क्षमता सर्वांत रुंद भागावर ठरत नसते, सर्वांत अरुंद भागावर ठरते. १४ मीटरचा पट्टा पुढे ९ वर आणि परत १२ वर जात असेल, तर जास्तीची रुंदी ओव्हरटेक करून पुढच्या चिमटीत घुसायलाच कामी येते. म्हणून गाड्यांचा पट्टा शेवटपर्यंत एकसारखा ठेवायचा. जागा कमी-जास्त झाली की बहुउपयोगी पट्टा लहान-मोठा करायचा, चालण्याचा पट्टा नाही.

रस्ता २४ मीटरचा असेल तर दोन्हीकडे २ मीटरचा सायकल मार्ग आणि त्याला अर्ध्या मीटरची कड देता येते, शिवाय मध्ये थोडी जागा उरते. १२ मीटरचा असेल तर दोन्हीकडे अडीच मीटर फुटपाथ, एकाच बाजूला २ मीटरचा बहुउपयोगी पट्टा आणि ५ मीटर गाड्यांना, जमल्यास एकेरी. पेठांतल्या सहा-सात मीटरच्या गल्लीत मात्र फुटपाथच्या फंदात पडू नका. तिथे उभारलेल्या दोन फुटी फुटपाथवर फक्त दुचाक्या चढतात. सगळं एका पातळीत फरसबंद करा आणि गाडी माणसाच्या चालीने जाईल इतके अडथळे ठेवा.

चौथी पायरी: फुटपाथ जागेवर बिघडतो कसा

छेदावर सुंदर दिसणारा फुटपाथ जागेवर निरुपयोगी होतो तो बारीकसारीक गोष्टींमुळे.

उंची घ्या. आयआरसीची मर्यादा १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच. आपल्याकडे फूटभर उंचीचे कर्ब सर्रास दिसतात. कारण सांगितलं जातं की गाड्या चढू नयेत. गाड्या तरीही चढतात. चढत नाहीत ते गुडघे दुखणारे लोक. खरं कारण बहुतेकदा वेगळं असतं: रस्ता पुन्हापुन्हा डांबराचे थर चढवून उंच होतो, म्हणून कर्ब आधीच उंच लावून ठेवायचा. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा, ही अट निविदेत घातली की ही सबब संपते.

मग सोसायटीचं फाटक. एका सरासरी उपनगरी रस्त्यावर दर १५-२० मीटरवर एक फाटक येतं. प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ तोडून डांबराच्या पातळीला आणला, तर चालणाऱ्याला दर वीस पावलांना सहा इंच उतरायचं आणि सहा इंच चढायचं. सत्तरीच्या आजी दुसऱ्या फाटकाला फुटपाथ सोडतात. उपाय साधा आहे. फुटपाथ सरळ आणि सपाट पुढे न्यायचा आणि चढण बहुउपयोगी पट्ट्याच्या अडीच मीटरांत गाडीला द्यायची. चढ गाडीने चढायचा. फाटकाबाहेर पडणारी कार त्यामुळे आपोआप हळू होते, हा वरचा फायदा. ठेकेदाराच्या माणसांना फुटपाथ तोडायची इतकी सवय असते की नकाशात दाखवूनही ते तोडतात, म्हणून पहिलं फाटक होत असताना स्वतः तिथे उभे राहा.

जिथे फुटपाथ खरोखर संपतो, तिथे उतार १:१२ पेक्षा उभा नको. सहा इंच उंचीला सहा फूट लांबीचा उतार लागतो. दोन फुटांत संपवलेला सिमेंटचा गोळा म्हणजे रॅम्प नव्हे. त्यावर व्हीलचेअर मागे उलटते.

पिवळ्या उठावाच्या फरश्या हा विनोदाचा विषय झालाय. त्यांचे दोन प्रकार असतात: लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे सरळ चाला, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. अनेक रस्त्यांवर या दोन्ही रांगोळीसारख्या मिसळून लावलेल्या दिसतात. सरळ पट्ट्यांची रांग थेट डीपी बॉक्समध्ये शिरते, किंवा चेंबरच्या झाकणापाशी तुटते आणि पलीकडे फूटभर बाजूला सुरू होते. बसवण्यापूर्वी खडूने रेघ मारून त्यावरून डोळे मिटून चालत जा. जिथे तुम्ही अडखळाल तिथे फरशी हलवा किंवा अडथळा हलवा.

बोलार्डचा, म्हणजे गाड्या चढू नयेत म्हणून फुटपाथवर लावतात त्या बुटक्या खांबांचा, पेच खरा आहे. व्हीलचेअर जायला निदान एका जागी १.२ मीटर मोकळी फट हवी, आणि त्या फटीतून दुचाकीही जाते. पूर्ण तोडगा नाही. माझं मत असं की दुचाकी अडवण्यासाठी व्हीलचेअर अडवू नये. फुटपाथवर दुचाकी येते ती मुख्यतः पुढे सिग्नलला रांग असते किंवा यू टर्न लांब असतो म्हणून. तो प्रश्न चौकात सोडवावा.

फरशीचं म्हणाल तर खडबडीत, साधी, जड निवडा. चकचकीत टाइल पहिल्या पावसात घसरवते. फुटपाथला रस्त्याकडे ५० ला १ एवढाच उतार पुरतो. जास्त दिला तर चाकाची खुर्ची सतत एका बाजूला ओढते. झाडाभोवती किमान मीटरभर चौकोन मातीचा ठेवा. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं की झाड मरतं, किंवा मुळं फरशी उचलतात.

पाचवी पायरी: चौक

सगळा रस्ता छान आणि चौकात गोंधळ, असं असेल तर रस्ता फसला. इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

पहिल्यांदा कोपऱ्याची गोलाई पाहा. नव्या लेआउटमध्ये कोपरा १०-१२ मीटर त्रिज्येचा गोल करतात, त्यामुळे गाडी ब्रेक न मारता वळते. नेमक्या त्याच ठिकाणी माणूस रस्ता ओलांडत असतो. उपरस्त्याच्या तोंडाशी त्रिज्या ४ ते ६ मीटरवर आणा. बसचं वळण असेल तर कोपऱ्याचा बाहेरचा भाग खडबडीत दगडाचा, किंचित उंच ठेवा; बसचं मागचं चाक त्यावरून जाऊ शकतं, कारवाला मात्र टाळतो. ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मुभा, शहराच्या आत नकोच. सततच्या डावीकडच्या प्रवाहातून माणसाला ओलांडायला कधीच वेळ मिळत नाही.

दुसरं म्हणजे ओलांडायचं अंतर. चौकाजवळ आणि प्रत्येक क्रॉसिंगपाशी पार्किंग बंद करून बहुउपयोगी पट्ट्याची जागा फुटपाथला जोडा, म्हणजे फुटपाथ पुढे येतो. आपल्या उदाहरणात ओलांडायचे १२ मीटर ७ वर आले. सिग्नलच्या हिशोबात धरतात त्या १.२ मीटर प्रति सेकंद चालीने १२ मीटरला १० सेकंद लागतात, ७ ला सहा. पण म्हातारं माणूस ०.८ च्या आसपास चालतं. त्याला १२ मीटरला १५ सेकंद, ७ ला नऊ. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा ठेवताना हाच हळू चालणारा माणूस धरायचा. शिवाय पुढे आलेल्या फुटपाथवर उभा असलेला माणूस पार्क केलेल्या गाडीमागे लपत नाही. शाळेतली मुलं उंचीने लहान, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

मोठ्या रस्त्यावर, जिथे एका दमात ओलांडणं शक्य नाही, तिथे मध्ये थांबायला बेट हवं. दीड मीटर किमान, दोन असेल तर बाबागाडी आणि सायकलही सुरक्षित उभी राहते. दुभाजकात फक्त दोन फुटांची फट पाडून त्याला क्रॉसिंग म्हणू नका.

तिसरं, वेग. ताशी ३० किलोमीटरच्या धडकेत माणूस वाचायची शक्यता चांगली असते. ५० ला ती झपाट्याने घसरते. नुसती पाटी लावून वेग उतरत नाही. सिग्नल नसलेल्या ठिकाणी क्रॉसिंगच फुटपाथच्या पातळीला उचला, वरचा सपाट भाग किमान तीन मीटर रुंद ठेवा आणि बसमार्गावर चढ-उतार सौम्य द्या. पाण्याचा विसर पडू देऊ नका: उचललेलं क्रॉसिंग कर्बच्या कडेने वाहणारं पाणी अडवतं, म्हणून वरच्या बाजूला लगेच पावसाळी चेंबर हवाच. तो नसेल तर पहिल्या पावसात तळं साचतं, आणि लोकांच्या रागामुळे क्रॉसिंगच उखडलं जातं.

गतिरोधक लागलाच तर प्रमाणातला घ्या. आयआरसी ९९ प्रमाणे तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार असतो. त्यावरून ताशी २५ च्या वेगाने सुखात जाता येतं. आपल्याकडचे दीड फुटात उभारलेले उंचवटे रिक्षातल्या गरोदर बाईची कंबर मोडतात, आणि रात्री न दिसल्याने दुचाकीस्वाराला पाडतात.

बस आणि सायकल

बस आत शिरून उभी राहील अशी खाच, म्हणजे बस-बे, शहरी रस्त्यावर टाळा. खाचेत रिक्षा उभ्या राहतात, बस मग दुसऱ्या लेनमध्ये तिरकी थांबते आणि लोक डांबरात उतरून धावतात. शिवाय आत गेलेल्या बसला बाहेर यायला कोणी जागा देत नाही. त्याऐवजी थांब्याचा कट्टा बहुउपयोगी पट्ट्यातून लेनच्या कडेपर्यंत बाहेर आणा, पंधराएक मीटर लांब. बस लेनमध्येच, सरळ थांबते. मागच्या गाड्या २० सेकंद थांबतात, हे मान्य आहे. बसमधल्या ५० माणसांचा वेळ त्यात वाचतो. थांबा शक्यतो चौक ओलांडल्यावर ठेवा आणि त्याच्या शेडमागून चालण्याचा पट्टा पूर्ण रुंदीने जाऊ द्या. बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखण्याच्या योजनेचा, धडाही विसरू नका. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर तो प्रयोग सुरू झाला तेव्हा गाजला तो वेगळ्या लेनचा वाद; पण प्रवाशाला रोज सतावणारा प्रश्न रस्त्याच्या मध्यावरच्या थांब्यापर्यंत जिवंत पोचायचं कसं, हाच होता.

सायकलच्या बाबतीत एक कटू गोष्ट बोलायला हवी. फुटपाथच्या पातळीवर, पेव्हर ब्लॉकचा, दर ३० मीटरवर झाडाला वळसा घालणारा, फाटकापाशी उतरणारा सायकल ट्रॅक कोणीही वापरत नाही. दूधवाला नाही, कामाला जाणारा सुरक्षारक्षक नाही, क्लासला जाणारा मुलगा नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. तरीही शहरातले अनेक जुने ट्रॅक आज दुचाकींचं पार्किंग किंवा भंगाराची जागा आहेत. ट्रॅक करायचा तर २ मीटर रुंद, गुळगुळीत डांबर किंवा काँक्रीट, अखंड, आणि चौकातून रंगवलेल्या पट्ट्याने पलीकडे जाणारा. एवढं जमत नसेल तर करू नका. १८ मीटरच्या रस्त्यावर वेग ३० वर आणणं हीच सायकलस्वाराची सोय.

पथारीवाले आणि पार्किंग

फुटपाथ मोकळा करायचा म्हणजे पथारीवाले उठवायचे, असं समीकरण रूढ आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण दिलंय; सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समितीशिवाय कारवाई करता येत नाही, आणि त्या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांचेच असावे लागतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा. भाजीवाली, फुलवाली, चहावाला असलेला फुटपाथ रात्री नऊला जिवंत असतो. त्यांना बहुउपयोगी पट्ट्यात आखीव जागा द्या, तोंड चालण्याच्या पट्ट्याकडे, म्हणजे गिऱ्हाईक डांबरावर उभं राहणार नाही. पाणी आणि कचऱ्याची सोय तिथेच करा.

पार्किंगमध्ये सर्वांत जास्त विरोध दुकानदारांचा असतो. ‘गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही.’ दुकानाबाहेर सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाच्या गाड्या उभ्या असतात ते एका दिवशी दर तासाला नंबर लिहून पाहा. बऱ्याचदा त्या मालकाच्या आणि नोकरांच्या निघतात. चालणाऱ्या गर्दीने दुकान ओस पडतं ही भीती असेल तर पुण्याचा लक्ष्मी रस्ता आठवा. २०२१ पासून ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवतात, आणि लोक हौसेने फिरायला येतात.

करून पाहा, मग काँक्रीट ओता

नकाशा पटला नाही तरी रस्ता पटतो. रंग, शंकू, पाण्याने भरलेले प्लास्टिकचे अडथळे आणि कुंड्या वापरून नवा छेद तात्पुरता मांडा. पुण्यात औंधच्या डीपी रस्त्यावर स्मार्ट सिटीच्या कामापूर्वी अशीच चाचणी घेतली गेली होती. किमान दोन आठवडे ठेवा. पहिले चार दिवस शिव्याच मिळतात, त्यावरून निर्णय घेऊ नका. या काळात बस कुठे अडते, शाळेची व्हॅन कुठे थांबते, रुग्णवाहिका आणि कचऱ्याची घंटागाडी कशी वळते, ते लिहून काढा आणि नकाशा सुधारा.

पैसे आणि मंजुरीसाठी पालिकेच्या अंदाजपत्रकाच्या आधीच तयार असायला हवं. पुण्यात नागरिकांना सहभागी अंदाजपत्रकातून छोटी कामं सुचवता येतात. क्रॉसिंग उचलणं, कोपरा दुरुस्त करणं, रॅम्प बसवणं अशा कामांना ते पुरतं. ‘मोठं काम झालं की बघू’ असं उत्तर आलं तर सांगा की चौकाचा एक कोपरा दुरुस्त करायला मोठं काम लागत नाही. जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण अधिकाऱ्यांना माहीत असतंच. पिढ्यान्‌पिढ्या पुणेकरांनी खड्डे न पडणारा रस्ता म्हणून त्याचं कौतुक केलं, पण तिथे माणसं रेंगाळायला लागली ती रुंद फुटपाथ, झाडांखालची बाकडी आणि मुलांची खेळणी आल्यावर.

कायद्याचा आधारही लक्षात असू द्या, पण तो शेवटी काढा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ ठरवून दिलेली मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर रस्त्याची जबाबदारी असलेलं प्राधिकरण, ठेकेदार आणि सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र धरतं. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये मोडतो असं म्हटलंय.

काम सुरू झालं की कार्यादेश आणि मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागून घ्या आणि आठवड्यातून एकदा टेप घेऊन जागेवर जा. तपासायचं एवढंच: कर्बची उंची सहा इंचांच्या आत आहे का, चेंबरची झाकणं फरशीच्या पातळीत आहेत का, फाटकापाशी फुटपाथ सलग आहे का, उतार किती लांब आहे, बादलीभर पाणी ओतलं तर ते गटाराकडे जातं का. चूक सिमेंट ओलं असताना दाखवली तर मुकादम तिथल्या तिथे सुधारतो. महिन्याने दाखवली तर पत्रव्यवहार सुरू होतो. दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने बिघाड स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधी संपतो ती तारीख लिहून ठेवा आणि त्याच्या दोन महिने आधी फुटलेल्या फरश्या, बसलेले चेंबर, तुटलेले बोलार्ड यांची फोटोंसह यादी पथ विभागाला द्या, पोच घेऊन. तोपर्यंत एक पावसाळा गेलेला असतो. मोजणीची जुनी वही घेऊन त्याच जागी, त्याच वेळांना पुन्हा माणसं मोजा. पुढच्या रस्त्याच्या बैठकीत पहिला कागद तोच लागतो.